सिरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर

टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीत दुष्ट अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो नव्हे, तर त्याचा सेवक सॅम हाच खरा नायक, असं मी वाचलेल्या एका लेखात म्हटलंय. पटलं. पण यंदा तिसऱ्यांदा वाचताना माझं मन अडकलं ते सिरिथ उंगोल या खिंडीकडे चढणाऱ्या पायऱ्यांवर. फ्रोडो सॅमच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलाय, सॅमचाही डोळा लागलाय. अंगठीच्या मोहानं पछाडलेला त्यांचा वाटाड्या गॉलम परत येतो, दोघांकडे बघत राहतो आणि थरथरता हात हळूच फ्रोडोच्या गुडघ्यावर ठेवतो, जवळजवळ कुरवाळल्यासारखा. त्या क्षणी तो फक्त एक थकलेला म्हातारा असतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि त्याच्यावर खेकसतो. संपलं. गॉलमच्या डोळ्यांत पुन्हा ती हिरवी चमक, आणि पुढे तो त्यांना नेतो ती शीलॉब या महाकाय कोळिणीची गुहा.

कॉलेजात असताना हे पान मी भरभर उलटलं होतं, लढाया कधी येतात याचीच घाई. आता वाटतं, अख्ख्या कादंबरीतली सर्वांत मोठी हार इथेच झाली, आणि तीही सॅमसारख्या प्रेमळ माणसाच्या हातून. धन्याच्या काळजीपोटी.

फ्रोडो शेवटी अंगठी आगीत टाकू शकत नाही, याला लेखात कमकुवतपणा म्हटलंय, ते मात्र अजिबात मान्य नाही. तो पोचला तिथवर दुसरं कोणी पोचलंच नसतं. आधी अंगठी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोनं आणि मग फ्रोडोनं गॉलमवर दया केली, म्हणून तर शेवटी गॉलम ती हिसकावून तिच्यासकट आगीत पडला आणि अंगठी नष्ट झाली. टॉल्किन स्वतः १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, सोमच्या लढाईत होते. घरी परतल्यावरही फ्रोडोची जखम दरवर्षी त्याच तारखेला का ठणकते, ते मला यंदा कळलं.