तीन पानं आणि खसखस

न्यू जर्सीत घर घेतलं की पहिल्या महिन्यात किराणा सापडतो, दुसऱ्यात देऊळ, आणि तिसऱ्या महिन्यात कुणीतरी म्हणतं, "मागे एवढं रान आहे, एक चक्कर मारून येऊ." हा तिसरा महिना बहुधा मे असतो. भारतातून आई-बाबा येतात ते मेमध्ये. गोचिडीची पिल्लं बाहेर पडतात तीही मेमध्येच, आणि जुलैपर्यंत मुक्काम हलवत नाहीत.

गोचीड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे म्हशीच्या कानातली टपोरी गोचीड येते. इथल्या काळ्या पायांच्या गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. अनारशावर बसलं तर सुगरणीलाही कळायचं नाही. ते उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून डोक्यातही पडत नाही. गवताच्या टोकाशी बसून, पुढचे पाय पसरून, थांबलेलं असतं. रिकाम्या रिक्षाला हात करणाऱ्या माणसासारखं. आपण रिक्षा. म्हणून पायवाटेच्या मधोमध चालायचं, आणि "इथून शॉर्टकट आहे" म्हणणाऱ्या बाबांना हाताला धरून आणायचं. सिंहगडावर भलती वाट धरली तरी शेवटी कुणीतरी कांदाभजी घेऊन भेटतं. इथे फक्त गवत भेटतं.

या प्राण्याच्या पोटात असू शकतो लाइम रोगाचा जंतू. लिंबाशी संबंध नाही, लाइम हे कनेक्टिकटमधलं गाव. विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञांनी हा जंतू शोधला, 1982 मध्ये ते छापून आलं, आणि पुढे बक्षीस म्हणून जंतूलाच त्यांचं नाव दिलं.

तयारी आदल्या दिवशी सुरू होते. बूट, मोजे, पँटी यांवर 0.5 टक्के परमेथ्रिनचा फवारा मारायचा आणि सगळं कडकडीत वाळू द्यायचं. हे कपड्यांचं औषध आहे, कातडीचं नाही. आणि ओलं असेपर्यंत मांजराला त्या खोलीत सोडायचं नाही, मांजराच्या जिवावर बेतू शकतं. उघड्या अंगाला 20 ते 30 टक्के डीट, म्हणजे किडे दूर ठेवणारं औषध, पण आधी सनस्क्रीन आणि वरून डीट. पँट फिकट रंगाची, म्हणजे खसखस दिसते, आणि तिचे पाय मोज्यांत खोचलेले. या वेषात घरातला प्रत्येक पुरुष सायकलच्या चेनपासून पँट वाचवणारा कारकून दिसतो. आजींना साडी नको म्हटलं की पंजाबी ड्रेस निघतो, पण सलवारीचा घेर मोज्यात मावत नाही. चुडीदार मावतो.

एवढं करून डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या काठी पोचलं की आजींना बेल दिसतो. तीन पानांचा, तुकतुकीत, हाताशी आलेला. तो बेल नव्हे, पॉयझन आयव्ही, अंगाला लागली की फोड आणणारी वेल. पळसाला पाने तीनच हे शिकून आलेल्यांना इथे तिसऱ्या पानाकडे नीट बघावं लागतं: मधल्या पानाचा देठ लांब, बाजूच्या दोघांचे आखूड. पानांचे त्रिकूट फांदीवर आळीपाळीने येतात. समोरासमोर जोडीने आले तर ते बहुधा बॉक्स एल्डरचं निरुपद्रवी रोप. पाच पानं असली तर ती दुसरीच वेल, व्हर्जिनिया क्रीपर. आणि झाडावर चढलेला केसाळ दोरखंड दिसला, तर ती पॉयझन आयव्हीच, हिवाळ्यात पानं नसली तरी त्याला टेकून फोटो काढायचा नाही.

ही वेल आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातली. म्हणजे बिब्बा उतणं ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं समजावायला नको. तिचं तेल अंगाला लागल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत साबणाने धुतलं तर बरंच निभावतं. तेवढ्यात जमलं नाही तरी जितकं लवकर धुवाल तितकं बरं. फोडांतल्या पाण्याने पुरळ पसरत नाही. पसरतं ते बुटाच्या नाडीवर राहिलेल्या तेलाने, जी नाडी आपण रोज त्याच हातांनी बांधतो. उपटून शेकोटीत टाकायचा मोह तर अजिबात नको, धूर थेट फुप्फुसात जातो.

घरी आल्यावर खरा कार्यक्रम. कपडे आधी ड्रायरमध्ये, कडक उष्णतेवर 10 मिनिटं, मग धुवायला. उलट केलं तर गोचीड कोमट पाण्यात स्नान करून ताजीतवानी बाहेर येते. दोन तासांच्या आत आंघोळ, आणि प्रत्येकाची झडती: कानामागे, काखेत, बेंबीत, गुडघ्यामागे, जांघेत, केसांत. मुलांना ही मजा वाटते. सासऱ्यांची बेंबी कोणी तपासायची यावर मात्र घरात शांतता पसरते.

सापडलीच, तर घरात सात वैद्य उभे राहतात. हळद, खोबरेल, रॉकेल, उदबत्तीचा चटका. यांतलं काहीही नाही, कारण डिवचलेली गोचीड पोटातलं आपल्या रक्तात ओकू शकते. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा (भुवयांचा चालतो, पापडाचा नाही), कातडीला अगदी लागून धरायचं आणि न पिळता सरळ वर, संथपणे ओढायचं. मग साबणपाणी. लाइमचा जंतू अंगात उतरायला बहुतेक वेळा ती 24 तासांहून जास्त चिकटून राहावी लागते, म्हणून त्याच संध्याकाळच्या झडतीला एवढी किंमत. ती किती वेळ होती हे कळत नसेल किंवा टम्म फुगलेली असेल, तर काढल्यापासून 72 तासांच्या आत डॉक्टरांना फोन.

काढलेली गोचीड फेकायची नाही. सेलोटेपखाली दाबून कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात चिकटवायची, कारण लाइमचा लाल चट्टा 3 ते 30 दिवसांत कधीही उठू शकतो आणि डॉक्टर पहिला प्रश्न तारखेचाच विचारतात. तारीख नेमकी संकष्टीची निघाली तर चंद्रोदयाची वेळ झाकली जाणार नाही अशा बेताने चिकटवावी.