परदेशातून : पेट्रोलचं पाणी नाल्यात सोडण्याआधी

२०२५च्या जुलैत केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले आणि पर्यावरणाच्या कामातल्या मराठी मंडळींत एक जुना वाद पुन्हा सुरू झाला. काहींचं म्हणणं, दूषित जागेतून सोडायच्या पाण्यावर अमेरिकेसारख्या कडक मर्यादा घाला. काहींचं म्हणणं, त्या आपल्याला परवडायच्या नाहीत, पंपवाला आणि बिल्डर दोघेही टँकर बोलावून रात्री पाणी कुठेतरी ओतून मोकळे होतील. दोन्ही बाजूंचं भांडण आकड्यांवरून आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात पेट्रोल गळालेल्या जागा साफ करण्याचं काम रोज बघताना माझं मत असं झालंय की आकड्याच्या आधी असं पाणी सोडण्याच्या परवान्याची घडण बघायला हवी. ती उचलली तर आकडा आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवता येतो. ती न उचलता नुसता आकडा आणला तर तो फायलीत पडून राहील.

नव्या नियमांत जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची आहे. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण करायचं आहे. जबाबदार कोण ते ठरवून सफाईचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा आहे. हे चांगलंच आहे. पण पेट्रोल गळालेली जागा साफ करायला घेतली की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न उभा राहतो आणि आपल्याकडच्या चर्चेत तो जवळजवळ येतच नाही: खड्ड्यात साठणारं पाणी सोडायचं कुठे?

जुनी टाकी काढायला तीन-चार मीटर खोदलं की खड्डा पाण्याने भरतो. जुन्या पंपाच्या शेजारी इमारतीचं तळघर खणायला घेतलं तर रात्रंदिवस उपसा करावा लागतो, आणि पंपाखालचं पेट्रोल त्या उपशाकडे ओढलं जातं. असं पाणी दिसायला स्वच्छ असतं. वर तवंग असेलच असं नाही. वास येतो, पण वासाचा पंचनामा होत नाही.

आता आपल्या मर्यादा पाहू. पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मानकांप्रमाणे नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात तेल व ग्रीस लिटरमागे १० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. सार्वजनिक मलवाहिनीत सोडायचं असेल तर २० पर्यंत. पेट्रोलमधल्या बेंझीन या विषारी रसायनाचा उल्लेख या सर्वसाधारण यादीत नाही. २००८ साली तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी वेगळी मानकं आली, त्यात बेंझीनला लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. पण ती रिफायनरीपुरती. कोपऱ्यावरच्या पंपाखालून उपसलेल्या पाण्याला सहसा सर्वसाधारण यादीच लावली जाते आणि तपासलं जातं ते तेल व ग्रीस.

इथेच सगळं फसतं. तेल व ग्रीस मोजण्याची नेहमीची पद्धत अशी: लिटरभर पाणी आम्ल करून घ्यायचं, त्यातलं तेल हेक्झेन या द्रावकात उतरवायचं, मग हेक्झेन सुमारे ८५ अंशांवर उडवून टाकायचं आणि भांड्यात उरलेल्याचं वजन करायचं. बेंझीन ८० अंशांवर उकळतं. हेक्झेन उडताना बेंझीन त्याच्याबरोबर जातं, पेट्रोलमधल्याच टोल्युइनचाही बराचसा भाग जातो. म्हणजे पेट्रोलमधला सर्वांत विषारी घटक वजन करण्याआधीच हवेत गेलेला असतो. या पद्धतीच्या अमेरिकी संहितेत स्पष्ट लिहिलंय की ८५ अंशांखाली उडणाऱ्या पदार्थांना ती लागू पडत नाही आणि पेट्रोलपासून डिझेलपर्यंतची इंधनं त्यात अंशतः निसटतात. तेव्हा पेट्रोल गळालेल्या जागेच्या अहवालात ‘तेल व ग्रीस : आढळले नाही’ असं लिहिलेलं असलं, तर त्यावरून पेट्रोलबद्दल काहीही कळत नाही. प्रयोगशाळेने चोख काम केलेलं असतं, तिला विचारलेला प्रश्नच चुकीचा असतो.

बेंझीनसाठी नमुना घेण्याची तऱ्हाच निराळी आहे. चाळीस मिलिलिटरची काचेची कुपी, झाकणाला टेफ्लॉनचा पडदा, आत हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब. पाणी धार न तोडता, फेस न होऊ देता काठोकाठ भरायचं, इतकं की वर फुगवटा दिसला पाहिजे. मग झाकण लावून कुपी उलटी करायची आणि बोटाने टिचकी मारून बघायचं. बुडबुडा दिसला तर कुपी टाकून द्यायची, कारण पाण्यातलं बेंझीन त्या बुडबुड्यात शिरतं आणि आकडा कमी येतो. नमुना बर्फात ठेवायचा, चौदा दिवसांच्या आत गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे एकेक रसायन वेगळं करून मोजणाऱ्या यंत्रावर, चालवायचा. प्लास्टिकच्या बाटलीत अर्धवट भरून, दुपारभर जीपमध्ये फिरवून आणलेल्या नमुन्याचा निकाल वाचण्यातही वेळ घालवू नये.

मॅसॅच्युसेट्समध्ये अशा पाण्यासाठी एक सामान्य परवाना आहे. अमेरिकेच्या १९७२च्या स्वच्छ जल कायद्याखाली बहुतेक राज्यं असे परवाने स्वतः देतात, पण मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमध्ये ते काम केंद्राची पर्यावरण संरक्षण संस्था, ईपीए, करते. दूषित जागांच्या उपशासाठीचा हा परवाना २००५ मध्ये पहिल्यांदा निघाला. २०१० आणि २०१७ मध्ये त्याचं नूतनीकरण झालं आणि २०२२ मध्ये साध्या बांधकामाच्या उपशाचा परवाना त्यातच विलीन केला गेला. अटी सगळ्यांसाठी आधीच छापलेल्या असतात, प्रत्येक जागेसाठी नव्याने लिहाव्या लागत नाहीत. अर्जदार एक इरादापत्र पाठवतो. त्यात जागेचा इतिहास, कच्च्या पाण्याचं पृथक्करण, यंत्रणेचा नकाशा, पाणी ज्या ओढ्यात जाणार त्याचं नाव आणि त्या ओढ्याचा उन्हाळी प्रवाह द्यावा लागतो. हा प्रवाह म्हणजे दहा वर्षांत सरासरी एकदा येईल इतका कमी असलेला सलग सात दिवसांचा प्रवाह. धातूंची मर्यादा त्यावरून सैल किंवा घट्ट होते. बेंझीनला मात्र ही सवलत नाही: ओढा कितीही मोठा असला तरी पाइपच्या तोंडाशी लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम. बेंझीन, टोल्युइन, एथिलबेंझीन, झायलीन या चौघांची बेरीज १०० मायक्रोग्रॅमच्या आत, एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन ५ मिलिग्रॅम, निलंबित घन पदार्थ ३० मिलिग्रॅम. लेखी होकार हातात आल्याशिवाय झडप उघडायची नाही. पाणी शहराच्या पावसाळी गटारातून जाणार असेल तर गटाराच्या मालकाची परवानगी वेगळी.

यंत्रणा साधी असते. मिनिटाला १९० लिटर उपसा धरला तर सुमारे ८० हजार लिटरची लोखंडी टाकी सात तासांत भरते. तिच्यात गाळ बसतो, तेल वर येतं. पुढे तेल-पाणी विभाजक, मग दहा आणि पाच मायक्रॉनच्या पिशवी गाळण्या, आणि शेवटी विरघळलेली रसायनं धरून ठेवणाऱ्या सक्रिय कार्बनची दोन भांडी एकामागे एक. हजार किलो कार्बन साधारण दोन घनमीटर जागा घेतो, म्हणजे या प्रवाहाला प्रत्येक भांड्यात दहा मिनिटांचा सहवास मिळतो. बेंझीनला तेवढा पुरतो. नमुन्याचे नळ तीन ठिकाणी हवेत: कार्बनच्या आधी, दोन भांड्यांच्या मध्ये आणि शेवटी. मधल्या नळावर बेंझीन दिसू लागलं की पहिलं भांडं भरलं असं समजायचं. झडपा फिरवून दुसऱ्याला पुढे आणायचं आणि ताजा कार्बन मागे लावायचा. मधला नळ नसेल तर कार्बन संपल्याचं कळतं ते पाणी ओढ्यात गेल्यावर.

बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सर्वांत मोठा त्रास लोहाचा. पेट्रोल खाणारे जिवाणू जमिनीतला प्राणवायू संपवतात, मग मातीतलं लोह विरघळून पाण्यात उतरतं. ते पाणी वर येऊन हवा लागली की नारिंगी गाळ धरतो आणि दोन दिवसांत कार्बनच्या थरात दाब चढतो. बेंझीन धरायला आणलेला कार्बन गंज गाळण्यात वाया जातो. म्हणून टाकीतच हवा खेळवून लोह आधी बसवून घ्यावं लागतं. दुसरा त्रास ताज्या कार्बनचा. तो धुतल्याशिवाय जोडला तर पहिल्या काही तासांत पाण्याचा पीएच नऊच्या पुढे जाऊ शकतो, आणि दगडी कोळशापासून केलेल्या कार्बनमधून थोडं आर्सेनिकही सुटतं. ते पहिलं पाणी टाकीत परत फिरवायचं. बाहेर जाऊ द्यायचं नाही.

सुरुवातीच्या आठवड्यात नमुने दाट घेतले जातात, मग आठवड्याला, मग महिन्याला. मर्यादा ओलांडली तर उपसा थांबवून चोवीस तासांत कळवावं लागतं. हे आकडे दाबून ठेवता येत नाहीत, कारण इरादापत्रं आणि अहवाल कुणालाही वाचता येतात. शेजारच्या घरातला माणूससुद्धा ते वाचून नगरपालिकेत प्रश्न विचारतो. या एका गोष्टीने जेवढी शिस्त लागते तेवढी दंडाने लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे २०२४च्या दुरुस्तीने जल कायद्याखालच्या बऱ्याच गुन्ह्यांची तुरुंगवासाची शिक्षा जाऊन १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला. त्यावर बरीच टीका झाली आणि ती समजण्यासारखी आहे. पण आकडाच मोजला जात नसेल तर शिक्षा तुरुंगाची असो की दंडाची, लावणार कशाच्या आधारावर?

मॅसॅच्युसेट्सच्या पद्धतीतलं सगळंच घेण्यासारखं नाही. परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. २०१०चा परवाना २०१५ मध्ये संपला आणि नवा यायला २०१७ उजाडलं. मुदत संपलेला सामान्य परवाना आधीपासून आत असलेल्यांसाठी चालू राहतो, नव्या जागेला त्यात शिरता येत नाही. तपासायच्या घटकांची यादी इतकी लांबली आहे की लहान कामात प्रयोगशाळेचं बिल कार्बनच्या किमतीला गाठतं. निसर्गतः लोह असलेल्या पाण्यातूनही लोह काढायला लागतं. हे ओझं महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या पंपावर टाकू नये.

‘परवडत नाही’ हा मुद्दा मात्र मला पटत नाही. नारळाच्या करवंटीपासून सक्रिय कार्बन करून जगाला विकणाऱ्या देशांत भारत पुढे आहे, आणि करवंटीच्या कार्बनची बारीक छिद्रं बेंझीनसारख्या लहान रेणूंना चांगलीच मानवतात. गॅस क्रोमॅटोग्राफ असलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळा मुंबई-पुण्यात आहेत. कायदाही आडवा येत नाही: जल कायद्याच्या कलम १७ खाली राज्य मंडळाला सांडपाण्याची मानकं ठरवता येतात, कलम २५ खाली संमतीच्या, म्हणजे सांडपाणी सोडण्याच्या परवानगीच्या, अटी घालता येतात. महाराष्ट्र मंडळाने ‘इंधन गळतीच्या जागेचा उपसा’ या एका वर्गासाठी ठरावीक अटींची छापील संमती तयार केली तर संसदेत जावं लागणार नाही. सुरुवातीला बेंझीनची मर्यादा ५ ऐवजी ५० मायक्रोग्रॅम ठेवली तरी मी तिचं स्वागत करीन. कार्बन नीट चालत असेल तर पाणी तसंही त्याच्या खूप खाली येतं, आणि नीट चालत नसेल तर तो आकडा ते दाखवून देईल.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या पेट्रोल पंपांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत १६५ लिटरपेक्षा, म्हणजे साधारण एका बॅरलपेक्षा, जास्त गळती झाली तर कळवणं बंधनकारक आहे. ही तरतूद चांगली आहे, फक्त ती मोठी गळती पकडते. जोडाच्या फटीतून रोज अर्धा लिटर झिरपत राहिलं तर वर्षभरात त्याहून जास्त इंधन जमिनीत जातं आणि एकाही दिवशी कळवण्यासारखं काही घडलेलं नसतं. चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये २०१३ साली जमिनीखालच्या तेलवाहिनीची गळती लोकांना कळली ती स्वतःच्या बोअरवेलच्या पाण्यातून.

दख्खनच्या काळ्या पाषाणात हे आणखी अवघड होतं. मॅसॅच्युसेट्सच्या वाळूत दूषित पाणी एका दिशेने पसरतं, चार निरीक्षण विहिरींत त्याचा माग लागतो. बेसॉल्टमध्ये ते भेगा शोधत जातं: पंपाला लागून असलेली विहीर स्वच्छ राहते आणि दोनशे मीटरवरच्या बोअरला वास येतो. पावसाळ्यात भूजल कित्येक मीटर वर चढतं, उन्हाळ्यात उतरतं आणि तेवढ्या उंचीच्या पट्ट्यात पेट्रोल लिंपलं जातं. मे महिन्यात घेतलेल्या एका नमुन्यावर संमती देणं म्हणून चूक आहे. जुलैचा नमुना लागतोच. ओढ्याच्या उन्हाळी प्रवाहाचं गणित तर आपल्या बहुतेक नाल्यांत शून्य येतं, तेव्हा ‘वाहत्या पाण्यात मिसळून पातळ होईल’ ही पळवाट छापील अटींतच बंद करावी.

त्यात आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे. मायलेज आणि रबरी नळ्या यांवरून भारतात भरपूर वाद झाले, भूजलाबद्दल मात्र फार कमी बोललं गेलं. इथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळतं, कार्बनला फारसं चिकटत नाही, आणि जिवाणू त्याच्यावर आधी तुटून पडतात. जमिनीतला प्राणवायू त्यातच संपतो, बेंझीनकडे लक्ष द्यायला कुणी उरत नाही आणि ते अधिक लांब जातं. उसाच्या पट्ट्यात, जिथे हे इथेनॉल बनतं आणि जिथे गावं विहिरीचं पाणी पितात, तिथे निरीक्षण विहिरींतलं अंतर जुन्या पेट्रोलच्या हिशोबाने ठरवू नये.

आणखी एक अट पहिल्याच मसुद्यात हवी. वापरलेला कार्बन घातक कचरा म्हणून तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या केंद्रात गेल्याची, नाहीतर पुनरुज्जीवनासाठी पाठवल्याची पोच अंतिम अहवालाला जोडलेली असल्याशिवाय उपशाचं काम पूर्ण झालं असं मंडळाने लिहून देऊ नये. नाहीतर पाण्यातून काढलेलं बेंझीन गोणीत भरून भंगारवाल्याकडे जाईल.