पाचशेच्या स्टॅम्पवर मूल दत्तक होत नाही

माझी मावसबहीण आणि तिचे यजमान दिराची चार वर्षांची मुलगी दत्तक घ्यायच्या विचारात आहेत. परवा तिने व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक मेसेज मला पाठवला आणि विचारलं, "असंच करू ना?" मेसेज म्हणतो: नात्यातलं मूल असेल तर पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली की दत्तक झालं, मूल दोन्ही घरचं वारस राहतं, वयाची अट नाही, आणि नाही जमलं तर मूल परत देता येतं.

शेवटचं आधी घेते, कारण तेच सगळ्यांत घातक. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६, कलम १५: रीतसर झालेलं दत्तक घेणारे आईबाप रद्द करू शकत नाहीत, दुसरं कुणीही करू शकत नाही, आणि मोठं झाल्यावर मूलही जन्मघरी परतू शकत नाही. पुढे भावाभावांत बिनसलं तरी नाही. 'बघू, नाही जमलं तर' अशा बोलीवर चार वर्षांची पोर कुणी मांडीवर घेतं का?

'दोन्ही घरचं वारस' हेही खोटं. कलम १२ प्रमाणे दत्तकाच्या दिवसापासून जन्मघराशी नातं तुटतं. उद्या सख्खे वडील मृत्युपत्र न करता गेले, तर सातबाऱ्यावर त्यांची वारस म्हणून तिचं नाव लागणार नाही. दत्तकाआधीच तिच्या मालकीची झालेली मिळकत तेवढी तिची राहते.

नोंदणी सक्तीची नाही, हे मान्य. होमही सक्तीचा नाही. मूल प्रत्यक्ष देणं-घेणं मात्र व्हावंच लागतं. पण देणारे आणि घेणारे दोघांच्या सह्यांचं दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असेल, तर न्यायालय दत्तक कायदेशीर धरून चालतं (कलम १६). नुसत्या नोटरीला ते बळ नाही.

वयाचं म्हणाल तर मूल पंधराच्या आतलं आणि अविवाहित हवं. रूढी असेल तर सूट आहे, आणि आपल्याकडची मोठ्या वयाच्या दत्तकाची रूढी न्यायालयांनी मानलीही आहे. पण मुलगी घेणारा पुरुष तिच्याहून किमान २१ वर्षांनी मोठा हवाच. शिवाय घरात मुलगी असेल तर या कायद्याखाली दुसरी मुलगी घेता येत नाही. बहिणीला मुलगाच आहे, म्हणून तिला अडचण नाही.

मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी कुटुंबांना हा कायदा लागूच नाही. त्यांचा मार्ग बाल न्याय कायद्याचा: 'कारा' या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी, आणि २०२२ पासून जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश.

राहता राहिली मुलीची आई. मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. कलम ९ प्रमाणे वडील देत असले तरी आईची संमती लागते. बहिणीने जाऊबाईंना अजून नीट विचारलेलंच नाही. आधी ते विचार, मग वकील गाठ, असं मी तिला कळवलंय.