अंश, छेद आणि तुपाची धार

आमच्या आईच्या लेखी तब्येत म्हणजे वजन. सुट्टीत भाची राहायला आली की आई तिच्या पोळ्या मोजते आणि आमच्या चिरंजीवांच्या भातावर तुपाची धार धरते. चिरंजीव ईशान पंधराचा, लुकडा. पाठीवर दप्तर घेतलं की दप्तरच चाललंय असं वाटतं. ओवी चौदाची, अंगाने भरलेली. "जरा कमी खात जा गं," हे आलेले पाहुणेसुद्धा पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी तिला सांगतात.

ईशानच्या शाळेत फिटनेस टेस्ट होती. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव ठरला. वीस मीटरवर दोन रेषा, 'टूं' वाजायच्या आत या रेषेवरून त्या रेषेवर. सुरुवात ताशी साडेआठ किलोमीटरने, मग दर मिनिटाला वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो. माँट्रियलच्या ल्यूक लेजे यांनी या टेस्टचं मूळ रूप १९८२ साली मांडलं. त्यांना पार्किंगचा प्रश्न नसावा. वीस मीटर मी शिवणाच्या दीड मीटरच्या टेपने मोजले, तेरा वेळा आणि वर थोडं. दुसरी रेषा शेजाऱ्यांच्या स्कूटरखाली आली. स्कूटर हलवण्यावर सेक्रेटरींशी चर्चा झाली, ती इथे देत नाही. रांगोळीने रेषा ओढल्या, तर वरून विचारणा झाली, "आज काय विशेष?"

तिसऱ्या मिनिटाला माझी नाडी सुटली. म्हणजे बुटाची. ती बांधायला जो बसलो तो बसलोच. चौथ्यात ईशान कुशीत हात दाबून खांबाला टेकला. ओवी मात्र टूं वाजायच्या आधी रेषेवर, वळली, पुन्हा रेषेवर. तिची वेणी पाठीवर घड्याळाच्या लंबकासारखी. ती रोज संध्याकाळी कबड्डी खेळते, हे आम्हाला ठाऊक होतं. फक्त त्याचा तब्येतीशी संबंध कुणी जोडला नव्हता. सातवं मिनिट पुरं करून ती थांबली, तेही पोहे गार होतील म्हणून.

घरी आल्यावर ईशान चरबी मोजणाऱ्या काट्यावर चढला. "काटा पायातून बारीक करंट सोडतो," ओवी म्हणाली, "चरबीतून करंट नीट जात नाही, त्यावरून अंदाज. घटाघटा पाणी प्यायलास तरी आकडा हलेल." लुकड्याची चरबी माझ्या अंदाजापेक्षा बरीच जास्त निघाली. स्नायू नाहीत म्हटल्यावर उरणार काय?

"पण मग बारीक माणूस जास्त पळायला नको?" मी.

"मामा, दमसास मोजताना शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं ते बघतात आणि त्याला वजनाच्या किलोंनी भागतात. चरबी ऑक्सिजन फारसा वापरत नाही, पण छेदात बसते."

कात्रजच्या घाटात डबलसीट बसलेला मी डोळ्यांपुढे आलो.

"ईशानचा छेद लहान आहे, पण अंशही लहान. हृदयाला सवय नाही, पायात स्नायू नाहीत. माझा छेद मोठा आहे, म्हणून मी अंश वाढवते."

"म्हणजे छेद कमी झाला तर आणखी पळशील की नाही?" आईने संधी साधली.

"पळेन की. पण उपाशी राहून नाही. त्यात स्नायूही जातात, मग अंशही घसरतो."

आई बराच वेळ तुपाची वाटी हातात धरून उभी होती. ईशानच्या ताटापाशी गेली, थबकली, ओवीकडे वळली, पुन्हा थबकली. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली, "तू कितव्या मिनिटाला बसलास?"

आणि वाटी फडताळात गेली.