‘देवलांच्या नाटकाचं वाटोळं केलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

नाटककार गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’वर बेतलेल्या, आम्ही छापलेल्या किशोर कादंबरीला आपण एक तारा दिलात. नाटकाचं वाटोळं केलं, तसबिरीच्या जागी मोबाइल आणला, पदं गाळली, रेवतीचं कूळ बदललं, मुलांच्या तोंडी बेळगावची गावठी भाषा घातली, आणि वर पैसेही परत देत नाहीत, असं आपलं म्हणणं. पैशांचं शेवटी बोलतो.

आधी तसबीर. चक्कर येऊन पडणारी तरुणी, तिला सावरणारा परका नवरा, ते लांबून बघणारी त्याची बायको आणि तरुणीच्या हातून पडलेली प्रियकराची तसबीर, हा सगळा डाव फ्रेंच नाटककार मोलिएरने १६६० मध्ये मांडला. पुढे १७६१ मध्ये आर्थर मर्फीने तो इंग्रजी रंगभूमीवर आणला आणि तिथून देवलांनी घेतला. घेताना नावं, घरं, माणसं सगळी आपली करून टाकली: तरुणी झाली रेवती, तिचा प्रियकर अश्विनशेठ, परका नवरा फाल्गुनराव आणि त्याची बायको कृत्तिका. बेळगावात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हाताखाली शिकलेल्या देवलांना ही मोकळीक चालते, मग आमच्या लेखिकेनेच काय घोडं मारलंय?

आणि मोबाइल नुसता शोभेला नाही. कादंबरीत खानापूरच्या बसस्टँडवर रेवती उन्हाने कोसळते, फोन कृत्तिकाच्या हाती लागतो. काच तडकलेली, चार्जिंग संपत आलेलं. अश्विनचा फोटो दिसतो, खालचा मजकूर वाचायच्या आत फोन बंद! तेवढ्यात फाल्गुन मागून ते बघतो. आता शहानिशा करायची कशी? संशयाला एवढी फट पुरते. नाटकातही नेमकं हेच होतं.

पदांबद्दल एकच सांगतो. देवलांनी हे नाटक १८९३ मध्ये आधी गद्यच लिहिलं, ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाने. पदांसकट ते रंगभूमीवर आलं १९१६ मध्ये.

रेवतीचा आक्षेप मात्र वजनदार आहे. नाटकात ती नायकिणीची मुलगी, म्हणूनच अश्विनशेठच्या मनात पाल चुकचुकते. कादंबरीत तिची आई ऑर्केस्ट्रात गाते आणि रात्री उशिरा घरी येते. गल्लीतल्या बायका काय बोलतात, ते त्या प्रकरणात आहेच. बारावीच्या मुलांना ती कुजबुज ओळखीची आहे, हे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटलं.

भाषेचं म्हणाल तर निवेदन प्रमाण मराठीतच आहे. संवाद तेवढे इथले. बेळगावातल्या अनगोळची पोरं आकाशवाणीच्या बातम्यांसारखी बोलत नाहीत. कंडक्टरशी कानडीत हुज्जत घालतात आणि मागे वळून मैत्रिणीवर मराठीत चिडतात. तेही गाळलं असतं तर कादंबरी बेळगावची कशाला म्हणायची? (आपणही काउंटरवर आमच्याशी भांडलात ते काही पुस्तकी मराठीत नव्हे.)

राहिले पैसे. न हाताळलेलं पुस्तक आठ दिवसांत बदलून मिळतं, तसं बिलावर छापलंय. आपली प्रत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेन्सिलीने खुणा केलेली आहे. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला कशी विकणार? कृत्तिका ‘इतकी बावळट नाही’ ही आपली नोंद लेखिकेला दाखवली. तिला ती पटलेली नाही, पण उत्तर द्यायला ती तयार आहे. मूळ नाटक हवं असेल तर मागवून देऊ, दहा टक्के कमी करून.

आपली प्रत काउंटरवर ठेवली आहे. दहानंतर कधीही येऊन घेऊन जा.