शरभाचे पाय आणि कीर्तिमुखाची भूक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

दारांवरच्या आणि उंबऱ्यांवरच्या कल्पित प्राण्यांविषयी मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही चार परिच्छेदांची प्रतिक्रिया दिलीत. एवढं मन लावून लिहिलेल्याची 'आपल्या मताचा आदर आहे' म्हणून बोळवण करणं मला जमणार नाही. म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सर निवृत्त जीवशास्त्र शिक्षक आहेत. त्यांचं म्हणणं असं, की पाथरवटांना खरे प्राणी नीट जमले नाहीत म्हणून त्यांनी सोंड, पंख, शेपट्या जोडून खिचडी केली. मी ज्याला शरभ म्हटलं तो शरभ नव्हेच, कारण शरभाला आठ पाय असतात. आजच्या मुलांना रानमांजर आणि उदमांजर यातला फरक सांगता येत नाही आणि मी त्यांना नसलेले प्राणी दाखवतो. शिवाय वेतोबाच्या, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या वेताळाच्या, चपलांचं कौतुक करून मी अंधश्रद्धेला गोंजारतो.

सुरुवात पायांपासून करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. संस्कृतात शरभाचं एक नावच अष्टापद आहे. आठ पायांचा, सिंहालाही भारी असा तो प्राणी. आपल्या गडांच्या दरवाजांवर जो कोरलेला असतो त्याला चारच पाय असतात, अंग सिंहासारखं, कधी पंख असतात, कधी नसतात. त्याला शरभ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, पण मी ग्रंथातला आणि दगडातला असे दोन्ही एकच असल्यासारखं लिहिलं. मूळ लेखात तेवढं वाक्य बदललं आहे.

मात्र ग्रंथातला शरभ तुम्हाला आवडेल असं मला वाटतं. अमरकोशात जिथे प्राण्यांची नावं येतात तिथे तो गवय आणि ससा यांच्याच ओळीत बसलेला आहे. कोशकाराने त्याच्यासाठी वेगळी खोली केलेली नाही. आणि कालिदासाचा यक्ष ढगाला हिमालयाची वाट सांगताना बजावतो, की तिथले शरभ रागाने तुझ्यावर उड्या मारायला येतील, स्वतःचेच हातपाय मोडून घेतील, तर त्यांच्यावर गारांचा मारा कर आणि पांगव त्यांना. ढगावर झेप घेणारा प्राणी! मेघगर्जना ऐकून ज्याचं डोकं फिरतं, त्याला आपण किती पायांचा म्हणतो याने मला तरी फरक पडत नाही. त्याच्या त्या अवसानावर माझा जीव आहे.

आता पाथरवटांना जमलं नाही, या मुद्द्याकडे येतो. इथे मी तुमच्याशी भांडणार आहे.

वेरूळच्या कैलास लेण्याचं जोतं आठवा. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं काम. सगळं देऊळ हत्तींनी पाठीवर उचलून धरल्यासारखं आहे. त्या हत्तींच्या गुडघ्यांच्या सुरकुत्या, सोंडेचा पीळ, भार पेलताना खांद्यात भरलेलं बळ पाहा. ज्याने हत्तीच्या शेजारी दिवसच्या दिवस काढलेत त्यालाच ते कोरता येईल. आणि त्याच जोत्यावर, त्याच हत्तींना खेटून, व्याल म्हणजे सिंहासारखे कल्पित प्राणी आहेत. एकाच ओळीत, एकाच खडकात. हत्ती इतका अचूक काढणाऱ्या हाताला शेजारचा प्राणी जमला नाही, असं कसं म्हणायचं? त्याने तो ठरवून तसा केला. सिंहाची छाती त्याला हवी होती म्हणून घेतली, आणि जे सिंहात मिळेना ते दुसरीकडून आणलं.

धड मगरीचं, तोंडाला सोंड आणि शेवटी माशाची शेपूट असलेला मकरही असाच. कैलास लेण्यातच नद्यांची देवळी आहे. तिथे गंगा मकरावर उभी आहे आणि यमुना कासवावर. अभिषेकाचं पाणी गाभाऱ्यातून बाहेर पडतं त्या पन्हळीला पुष्कळ ठिकाणी मकराचंच तोंड असतं. जिथे पाणी तिथे तो. आणि सर, 'मगर' हा शब्दच 'मकर'वरून आला. तुम्ही बत्तीस वर्षं ज्या प्राण्याचं चित्र फळ्यावर काढलंत त्याचं नाव या कल्पित भावंडाच्या घरचं आहे. दर जानेवारीत आपण ज्याच्या नावाने तिळगूळ वाटतो तोही हाच. ग्रीकांच्या राशिचक्रात त्या जागी अर्धी शेळी नि अर्धा मासा होता. आपल्याकडे मकराने ती जागा घेतली.

गडांवरच्या त्या चार पायांच्या प्राण्याचं मात्र वेगळं आहे. त्याला दरवाजा लागतो. जंजिऱ्याला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दहा वर्षांचा होतो. राजपुरीहून शिडाच्या होडीने निघालो की बराच वेळ दरवाजा दिसतच नाही, नुसती तटबंदी अंगावर येत राहते. अगदी जवळ गेल्यावर दार उघडतं आणि मग तो दिसतो. पंज्यात हत्ती, तोंडात हत्ती, शेपटीच्या विळख्यात हत्ती. हत्ती खेळण्यातल्यासारखे लहान आणि तो स्वतः मात्र निवांत. होडीतली मोठी माणसं 'वाघ, वाघ' म्हणत होती, वडील 'सिंह' म्हणाले. मला त्या वयात कळलं ते एवढंच, की आत राहणारा कुणीतरी सांगतो आहे, तुमचे हत्ती घेऊन या, मी बसलोच आहे.

तो किल्ला सिद्दींचा, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या मुसलमान सरदारांचा. सुलतानी अमदानीतल्या दरवाजांवर तो आहे आणि मराठ्यांच्या गडांवरही आहे. राज्यं बदलली, दारात बसलेल्याला कुणी उठवलं नाही. हा एकच मुद्दा पुरेसा आहे मला, या प्राण्यांवर प्रेम करायला.

ग्रंथातल्या शरभाशी जोडलेली एक चुरसही आहे. नरसिंहाचा राग हिरण्यकशिपूला मारूनही शांत होईना, तेव्हा शिवाने शरभ होऊन त्याला आवरलं, अशी शैव पुराणांतली कथा. वैष्णवांनी ती ऐकून घेतली आणि उत्तर दिलं, की मग विष्णूने गंडभेरुंड होऊन शरभाला आवरलं. दोन डोक्यांचा पक्षी. विजयनगरच्या अच्युतदेवरायाच्या नाण्यांवर तो चोचींत आणि नखांत हत्ती धरून आहे, पुढे म्हैसूरच्या राजघराण्याचं ते चिन्ह झालं आणि आज कर्नाटकच्या राजमुद्रेत आहे. कोल्हापूर-बेळगावकडच्या वाचकांनी तो तिकडच्या एसटीवर पाहिलाच असेल. आमच्या बाजूच्याने तुमच्या बाजूच्याला उचललं, मग तुमच्याने आमच्याला, हे शेकडो वर्षं चाललं आणि त्यातून इतके देखणे प्राणी निघाले. भांडावं तर असं.

आणि आता कीर्तिमुख. तुम्ही त्याला एका वाक्यात 'उंबऱ्यावरचं बटबटीत तोंड' म्हणून बाजूला केलंत, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो.

जालंधर नावाच्या असुराने राहूला दूत म्हणून शिवाकडे पाठवलं. निरोप काय, तर पार्वती माझ्या हवाली कर. शिवाच्या भुवयांमधून एक अक्राळविक्राळ, हाडकुळा, सिंहाच्या तोंडाचा जीव बाहेर पडला आणि राहूवर धावला. राहू शरण आला. शिवाने त्याला सोडून द्यायला सांगितलं. जीवाने सोडलं, आणि मग हात जोडून विचारलं, मला भूक लागली आहे, माझं भक्ष्य तुम्ही काढून घेतलंत, आता मी काय खाऊ? शिव म्हणाला, स्वतःचे हातपाय खा. त्याने खाल्ले. पाय, हात, पोट, छाती, करत करत नुसतं तोंड उरलं. शिवालाच त्याचं नवल वाटलं. त्याने त्याचं नाव कीर्तिमुख ठेवलं, माझ्या दारात राहा म्हणाला, आणि तुला आधी पुजल्याशिवाय जो माझी पूजा करेल त्याची मला पोहोचणार नाही.

सर, या गोष्टीत मला सगळ्यात भिडतो तो त्या जीवाचा प्रश्न. तो कुरकुरत नाही, शापही देत नाही. ज्या कामासाठी त्याला जन्माला घातलं ते काम रद्द झालं, भूक मात्र तशीच राहिली. 'आता मी काय खाऊ' हा इतका साधा, खरा प्रश्न आहे, की तो ज्याला सुचला त्याने कधीतरी खरी भूक पाहिलेली असणार. आणि त्या भुकेल्याला देवाने जागा कुठे दिली? सगळ्यांच्या आधी. जुन्या देवळांत गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर त्याची दोन तोंडं कोरलेली असतात, आपण त्यांना हात लावून तो हात कपाळाला लावतो आणि मग आत जातो. भिंतींवर त्याच तोंडांच्या ओळी असतात, त्यांना ग्रासपट्टी म्हणतात.

तो आमच्या घरीही होता. देवांच्या मागे पितळी प्रभावळ असते ना, तिच्या माथ्यावर. दिवाळीआधी आई ती चिंचेने घासायची आणि मला जुना ब्रश देऊन सांगायची, 'डोळ्यांच्या खाचा नीट काढ रे, तो बघत असतो.' वर्षभर काळवंडलेलं ते तोंड पिवळंधमक झालं की खरोखर बघायला लागायचं.

खऱ्या प्राण्यांची ओळख मुलांना नसते ही तुमची तळमळ मात्र माझीही आहे. म्हणून एक सुचवतो. वर्गात किंवा नातवंडांना नवगुंजर दाखवून पाहा. पंधराव्या शतकात सारळादासाने ओडिया महाभारत लिहिलं, त्यातला हा प्राणी. डोकं कोंबड्याचं, मान मोराची, वशिंड बैलाचं, कंबर सिंहाची, शेपटीच्या जागी साप. एक पाय हत्तीचा, एक वाघाचा, एक घोड्याचा किंवा हरणाचा. चौथ्या पायाच्या जागी माणसाचा हात, हातात कमळ. अर्जुनाने त्याला पाहून धनुष्य उचललं, मग त्याची नजर त्या हातावर गेली आणि हा कृष्ण आहे हे ओळखून त्याने धनुष्य खाली ठेवलं. पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या शिखरावरच्या नीलचक्रावर आठ नवगुंजर आहेत. मी माझ्या भाचीला हे चित्र दिलं तेव्हा ती पाऊण तास वशिंड म्हणजे काय, मोराची मान बगळ्यापेक्षा वेगळी कशी, असं विचारत बसली होती. नवगुंजर ओळखायचा तर नऊ जीव आधी माहीत असावे लागतात.

राहिला वेतोबा. शिरोड्याजवळच्या आरवलीला त्याचं देऊळ आहे. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला त्याच्या मापाच्या भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. केळ्यांचा घड वाहतात. भूत काढतो म्हणून बाईला मारणारा, पैसे उकळणारा बुवा मला तुमच्याइतकाच नकोसा आहे. 2013चा जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पण आरवलीत मला कुणी घाबरलेलं दिसलं नाही. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, आणि लोक विचार कसला करतात, तर रात्रभर चालून त्याचे पाय दुखत असतील. माझं कौतुक त्या विचाराचं आहे आणि ते मी मागे घेणार नाही.

पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. दिवाळीनंतर मी जाणार आहे. प्रकृती साथ देत असेल तर तुम्हीही या. हत्ती मी मोजतो. तुम्ही आयाळ, कानांची ठेवण आणि पंजे पाहून सांगा, होडीतली माणसं बरोबर होती की माझे वडील.