परिपत्रक मराठीत हवंच, पण ते राहणार कुठे?

बेळगाव महापालिकेच्या सभेची नोटीस मराठीतूनही द्या, या मागणीवरून सभागृहात गोंधळ झाला की आमच्या बेळगावकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नसतो. ग्रुपमध्ये शहापूर-वडगावचे आहेत, खानापूर-निपाणीकडचे आहेत. निम्मे पोटापाण्यासाठी पुण्यात, काही आखातात आणि मी इथे शिकागोच्या एका उपनगरात. मागणी रास्त आहे, तिच्यावर मला वाद घालायचा नाही. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा त्याहून जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही मिळावेत, हे 1961 च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेतच ठरलं. घटनेच्या 350 ब कलमाखाली त्यावर लक्ष ठेवायला आयुक्त असतात आणि त्यांचे अहवाल संसदेसमोर जातात.

पण समजा, उद्यापासून सगळं मराठीत मिळू लागलं. दहा वर्षांनी त्यातला एखादा कागद पाहायचा झाला, तर कुठे जायचं? यावर ग्रुपमध्ये कुणी बोलत नाही, आणि मोर्चात तर नाहीच नाही.

अमेरिकेत याची एक जुनी व्यवस्था आहे. सरकार जे छापतं, त्याच्या प्रती देशभरातल्या ठरावीक ग्रंथालयांना फुकट जातात. 1813 मध्ये तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, आपल्या कामकाजाची इतिवृत्तं काही ग्रंथालयांना पाठवायला सुरुवात केली, 1895 च्या कायद्याने तिला नीट बांधणी दिली. आज अशी ग्रंथालयं अकराशेच्या आसपास आहेत. बहुतेक जण हवं तेवढं निवडून घेतात आणि ते किमान पाच वर्षं ठेवतात. काही थोड्या प्रादेशिक ग्रंथालयांनी मात्र जवळजवळ सगळं घ्यायचं आणि कायमचं सांभाळायचं. आमच्या इलिनॉयमध्ये हे काम स्प्रिंगफील्डचं राज्य ग्रंथालय करतं. मला यातली सर्वांत शहाणपणाची अट वाटते ती दाराची. हा संग्रह खासगी विद्यापीठात असला, तरी रस्त्यावरच्या माणसाला तो फुकट पाहू द्यावा लागतो. तुम्ही कोण, यावरून अडवता येत नाही. गावाकडच्या एका कार्यालयात जुन्या नियमांची छापील प्रत मागितली तेव्हा पहिला प्रश्न आला होता, ‘तुम्ही कुठल्या पक्षाचे?’

इथल्या विद्यापीठांत आपलेही कागद आहेत, आणि ते आले कसे ही गोष्ट घरातल्या म्हाताऱ्यांना सांगण्यासारखी आहे. साठच्या दशकात रेशनवर आलेला तांबडा अमेरिकन गहू त्यांना आठवत असेल. पीएल 480 या कायद्याखाली आलेल्या त्या गव्हाचे पैसे भारताने रुपयांत दिले. त्या रुपयांतला काही भाग वापरून 1962 पासून अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाचं दिल्ली कार्यालय भारतीय पुस्तकं, नियतकालिकं, सरकारी अहवाल विकत घेऊ लागलं आणि त्यांच्या प्रती अमेरिकेतल्या विद्यापीठांना जाऊ लागल्या. शिकागो विद्यापीठ त्यातलंच. म्हणजे आपण चपात्या खाल्ल्या आणि आपले अहवाल इकडे आले. सीमावादावरच्या ज्या महाजन आयोगाच्या अहवालावर आपल्याकडे चौकाचौकात भांडणं होतात, 264 गावं महाराष्ट्राला, 247 कर्नाटकाला, बेळगाव शहर कर्नाटकातच, तो 1967 चा अहवाल इथल्या ग्रंथालयांच्या सूचीत सापडतो. त्यावर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी तो उघडून पाहिलाय, हे मी विचारत नाही; पुन्हा गावी यायचंय मला.

सीमाभागाची अडचण इतरांपेक्षा वेगळी आहे. जिल्ह्यांची मालकी बदलली, पण कागद जागेवरच राहिले. कॅम्बेल यांनी संपादलेलं बेळगावचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, 1884 चं, मुंबई सरकारचं. 1951 च्या जनगणनेत आपण मुंबई राज्यात, तेव्हा तेही काम मुंबईच्या खात्यावर. 1 नोव्हेंबर 1956 नंतर सगळं म्हैसूरचं, म्हणजे पुढे कर्नाटकाचं. 1987 चं गॅझेटियर बंगळूरहून निघालं. आपल्याच तालुक्याचा सलग इतिहास लावायचा तर पाचशे किलोमीटरवरच्या एका राजधानीत अर्धा आणि तितक्याच लांबच्या दुसऱ्या राजधानीत अर्धा. सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून सीमाप्रश्नाचा दावा पडून आहे. त्यात दोन्ही राज्यांचे वकील आपापल्या कपाटातून कागद काढतील. निपाणीच्या शिक्षकाला किंवा खानापूरच्या विद्यार्थिनीला ते कपाट उघडणार नाही.

भारतात कायदा नाही असं नाही. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या चार ग्रंथालयांना प्रत पाठवायची आहे. सरकारी प्रकाशनंही त्यात येतात, फक्त निव्वळ कार्यालयीन वापराची वगळली आहेत. न पाठवल्यास पुस्तकाची किंमत आणि वर दंड, जास्तीत जास्त पन्नास रुपये. यावर हसावं की रडावं ते तुम्हीच ठरवा. चारही ग्रंथालयं महानगरांत, आणि जिल्हा पंचायतीचा वार्षिक अहवाल किंवा महापालिकेचं अंदाजपत्रक तिथवर पोचत असेल यावर माझा विश्वास नाही.

‘आता सगळं वेबसाइटवर असतं,’ असं ग्रुपमधले आयटीवाले सांगतात. केंद्राच्या राजपत्राची छपाईही 2015 मध्ये बंद होऊन ते फक्त संगणकावर आलं. सोय मोठी आहे, मान्य. पण वेबसाइट ज्याची, पुसायचा अधिकारही त्याचाच. 2025 च्या सुरुवातीला इथे सरकार बदललं आणि केंद्रीय खात्यांच्या संकेतस्थळांवरून पानंच्या पानं, आकडेवारीचे संच गायब झाले. त्यातलं बरंचसं हाती राहिलं, कारण ग्रंथालयं आणि इंटरनेट अर्काइव्ह मिळून 2008 पासून दर अध्यक्षीय कारकिर्दीच्या शेवटी सरकारी संकेतस्थळांची नक्कल करून ठेवतात. त्यामुळे अमेरिकेचं कौतुक ऐकवण्याचा माझा इरादा नाही. इथलं सरकारही पुसतं. फरक एवढाच की दुसऱ्याच्या हाती एक प्रत असते.

आपल्याकडे तो दुसरा कोण, हे मला ठाऊक आहे. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे, खेड्यापाड्यांत वर्गणीवर चालणारी मराठी वाचनालयं आहेत. तिथे कादंबऱ्या आणि दिवाळी अंकांशेजारी एक कपाट सरकारी कागदांचं असायला काय हरकत आहे? कन्नड प्रतही त्यात हवी, नुसती मराठी नव्हे. दोन्ही शेजारी असल्या तरच भाषांतरात काय गाळलं ते कळेल. दुसरी जागा सुचवली तर शिव्या बसतील, तरी सुचवतो: सुवर्ण विधानसौध, कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत. 2012 मध्ये एवढी वास्तू बांधली, अधिवेशन वर्षातून जेमतेम दहा-बारा दिवस. उरलेलं वर्षभर तिथल्या एका मजल्यावर दोन्ही राज्यांच्या प्रकाशनांचं खुलं ग्रंथालय चालू शकतं. ज्या वास्तूत अधिवेशन भरलं की आपण निषेधाचा महामेळावा घेतो, तिथेच वाचायला जायचं का? जावं. खुर्ची सरकारची असली तरी टिपणं आपली असतात.

माहिती अधिकाराच्या कायद्यातलं चौथं कलम महाराष्ट्र एकीकरण समितीच्या लोकांनी एकदा बारकाईने वाचावं. स्वतःहून जाहीर करायची माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असं त्यात आहे. त्याच कलमात प्रत्येक कार्यालयाने ग्रंथालय किंवा वाचनकक्ष ठेवला असेल तर त्याच्या वेळा जाहीर कराव्यात, असंही आहे. पहिल्या वाक्यासाठी आपण इतकी वर्षं रस्त्यावर आहोत, दुसऱ्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. पुढच्या निवेदनात एक ओळ वाढवायला पैसे पडत नाहीत: मराठीतून परिपत्रक द्या, आणि अंदाजपत्रकासह प्रत्येक छापील कागदाची एक प्रत गावातल्या वाचनालयाला द्या. प्रत हाती आली की तिच्यावर तारखेचा शिक्का मारून घ्यावा.